मोकळा खेळ, ग्रामीण विदर्भातील

मोठ्या माणसांच्या देखरेखीशिवाय मुले घराबाहेर आपल्या मर्जीने जो खेळ खेळतात, तो मोकळा खेळ. कुठे खेळायचे, कोणाला घ्यायचे, नियम कोणते आणि भांडण झाले तर ते मिटवायचे कसे, हे सारे मुलेच ठरवतात. विदर्भाच्या खेड्यांत गेल्या दोन-तीन दशकांत हा खेळ झपाट्याने ओसरला. दोष सहसा मोबाइलला दिला जातो. पण मोबाइल मुलांच्या हाती येण्याच्या कितीतरी आधीच खेळाच्या जागा आणि गावाची खेळावरची सैल नजर, दोन्ही आटत चालल्या होत्या.

या जागा मुलांसाठी म्हणून कोणी राखलेल्या नव्हत्या. सकाळी गायकी (गुराखी) गुरे गोळा करी तो गावाबाहेरचा आखर दिवसभर रिकामा असे. गुरचरणाची ई-क्लास जमीन, नाल्यातली रेती, पीक निघालेले वावर, देवळाचा पार ही मुलांची मैदाने. ऋतू बदलला की खेळ बदले. पावसाळ्यात ओल्या मातीत लोखंडी सळाख खुपसत शिवेपर्यंत जायचे, हिवाळ्यात कंचे आणि विटी-दांडू, उन्हाळ्यात झाडावरचे खेळ. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पोळ्याच्या सुमारास बांबूच्या गेडीवर चढून चिखल तुडवला जाई. बोरे, चिंचा, टेंभरे (तेंदूची फळे), चारे (चारोळीची फळे) शोधत हिंडणे हाही खेळच होता.

डाबडुबली (इतरत्र सूरपारंब्या) पाहिली की या खेळाची घडण कळते. झाडाखाली गोल आखतात. एक जण पायाखालून काडी लांब भिरकावतो. ज्याच्यावर दाम (राज्य) असतो तो ती आणून गोलात ठेवेपर्यंत बाकीचे झाडावर चढतात. मग त्याने वर चढून कोणाला तरी शिवायचे. तेवढ्यात दुसऱ्याने खाली उडी मारून काडी गाठली, तर दाम पुन्हा त्याच्यावरच. कोणती फांदी वजन पेलेल, किती उंचावरून उडी घ्यावी, हे प्रत्येक जण आपल्या अंगाने शिकतो. लहानग्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणून खेळात घेतात, त्याच्यावर दाम येत नाही. हा नियम कोणत्याही शिक्षकाने शिकवलेला नाही. लहानाला सांभाळून घ्यायचे आणि तरी खेळ मोडू द्यायचा नाही, ही समज मुलांनी स्वतः घडवली, आणि या साऱ्या प्रकरणातली सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे.

जुना काळ सर्वांना सारखा मोकळा नव्हता. मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे आणि दिवेलागणीआधी त्यांना घरी परतावे लागे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत चालणारी भुलाबाई हा त्यांच्या हक्काचा काळ. संध्याकाळी घरोघर फिरून गाणी म्हणायची, खाऊ ओळखायचा. गरीब घरातल्या पोरांचा खेळ बकऱ्या राखता राखताच चाले. कोणाच्या पोराने कोणाच्या पोरासोबत खेळावे, यावर जातीचा पहारा होता. ऱ्हासाची हळहळ करताना हे विसरता येत नाही.

जागा गेल्या त्या तुकड्यातुकड्याने. ट्रॅक्टर आला तशी बैलजोडी कमी झाली, गुरे घटली, आखराचे काम संपले. ई-क्लासवर अतिक्रमणे झाली किंवा सरकारी इमारती उभ्या राहिल्या. रस्ता रुंदीकरणात वडा-चिंचेची जुनी झाडे गेली. रानडुकरांच्या त्रासाने वावराभोवती तारा आल्या. काही ठिकाणी त्यांना झटका मशीन (विजेचा सौम्य धक्का देणारे यंत्र) जोडलेले असते. काही ठिकाणी बेकायदा थेट वीज सोडलेली असते आणि ती जीव घेते. वावरात कीटकनाशकाचाही धोका: 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले. चंद्रपूर-गडचिरोलीत जंगलालगतच्या गावांना वाघ-बिबट्याची धास्ती आहे, आणि पांढरकवडा-राळेगाव भागाने नोव्हेंबर 2018 मध्ये माणसांवर हल्ले करणारी टी-1 (अवनी) वाघीण मारली जाईपर्यंत ती फार जवळून अनुभवली. अशा गावात पोराला अंगणातच थांबवणारी माय घाबरट नसते.

शाळेनेही मुलांची पांगापांग केली. सकाळी व्हॅन येते आणि काही मुलांना तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये नेते. बाकीची जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. परतल्यावर शिकवणी. एकाच गल्लीतल्या मुलांची सुटीची वेळ जुळेनाशी झाली, आणि डाबडुबलीला तर पाच-सहा जण लागतातच. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले, मार्च 2020 मध्ये शाळा बंद पडून वर्ग मोबाइलवर आले. मोबाइलने भरलेली पोकळी आधीच तयार होती.

संघटित खेळांचे चित्र निराळे आहे. अमरावतीच्या 1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. कबड्डी, खो-खो, आट्यापाट्या यांना लिखित नियम, पंच आणि स्पर्धा मिळाल्या, त्यामुळे ते टिकले. हे काम मोलाचेच. मात्र तिथे निकाल शिट्टी देते, मुले नव्हे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर ग्रे यांनी 2011 मध्ये, आणि 2023 मध्ये सहलेखकांसह, मोकळा खेळ घटणे आणि मुलांचे मानसिक स्वास्थ्य ढासळणे यांचा संबंध मांडला. त्यांची मांडणी मुख्यतः अमेरिकेविषयी आहे. बाहेर उजेडात घालवलेला वेळ मुलांना लघुदृष्टीपासून काही अंशी वाचवतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी किमान 60 मिनिटे मध्यम ते दमदार हालचाल सुचवते. संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे कलम 31 खेळण्याचा हक्क मान्य करते. भारताने ती 1992 मध्ये स्वीकारली.

गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवण्याच्या योजना राज्यांनी आखाव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2011 मध्ये जगपाल सिंग प्रकरणात दिला. ग्रामसभा मुलांच्या जागेसाठी त्याचा आधार घेऊ शकते. त्याहून जवळची जागा म्हणजे जिल्हा परिषद शाळेचे पटांगण. शाळा सुटली की त्याच्या फाटकाला बहुधा कुलूप लागते. शिक्षण हक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. संध्याकाळी ते फाटक उघडे राहावे, हा आग्रह त्यांना पुढच्याच बैठकीत धरता येतो.