बॅटरी नवी, सेल्फ मात्र गप्प

गेल्या जुलैत एका सकाळी शेजारच्या काकांनी दार वाजवलं. काकूंना नऊ वाजता डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं आणि गाडी सुरू होत नव्हती. बॅटरी तर आदल्याच संध्याकाळी नवी कोरी बसवलेली. हेडलाइट लखलखीत, हॉर्न खणखणीत. किल्ली फिरवली की मात्र बॉनेटखालून नुसतं टक-टक-टक-टक. “नवी म्हणून खराब बॅटरी गळ्यात मारली रे,” काका वैतागले होते. “आत्ता जाऊन बदलून आणतो.”

मी मल्टिमीटर लावला. १२.६ व्होल्ट. गाडीच्या बॅटरीत सहा सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज असताना प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्ट देतो. म्हणजे ही बॅटरी काठोकाठ भरलेली होती. (दुकानात महिनोन्‌महिने पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही १२.२ दाखवू शकते. तसं असेल तर आधी ती चार्जिंगला लावावी, बाकीचं नंतर बघावं.)

मग दिवे लागतात आणि सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटर, का फिरत नाही? याचं उत्तर शाळेत पाठ केलेल्या ओहमच्या नियमात आहे: व्होल्ट म्हणजे करंट गुणिले रोध. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर (वरच्या खुंटावर) वायरीचा क्लॅम्प जिथे बसतो तिथे ०.०३ ओहम इतका रोध तयार झाला. दोन्ही हेडलाइट मिळून नऊएक अँपिअर घेतात. नऊ गुणिले ०.०३, म्हणजे जेमतेम पाव व्होल्ट वाटेत गेला. उजेडात फरकही कळणार नाही. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ मात्र इंजिन फिरवायला दीडशे अँपिअरच्या घरात करंट मागतो. दीडशे गुणिले ०.०३ म्हणजे साडेचार व्होल्ट! बॅटरी स्वतःच त्या ओझ्याखाली साडेदहाच्या आसपास उतरते. त्यातून साडेचार गेले की सेल्फच्या वाट्याला सहाच उरतात, आणि सहा व्होल्टांत इंजिन फिरत नाही.

ती टकटकही यातूनच येते. सेल्फवर सोलेनॉइड नावाचा विद्युतचुंबकी स्विच असतो. तो ओढला जातो, मोटरला करंट मिळतो, त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं, चुंबकाची पकड सुटते, स्विच उघडतो, व्होल्टेज पुन्हा वर येतं, पुन्हा टक्. बॅटरी उतरलेली असली तरी हाच आवाज येतो, म्हणून तर लोक आवाज ऐकून थेट बॅटरीचं दुकान गाठतात.

इतका लहान रोध साध्या मल्टिमीटरवर ओहम मोजून दिसत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. कंटिन्युइटीचा, म्हणजे वायर जोडलेली आहे हे सांगणारा, बझरही खुशाल वाजतो. तो पकडायचा तर करंट वाहत असताना व्होल्ट मोजावे लागतात. मी मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर टेकवली, दुसरी त्याच खुंटावर बसलेल्या क्लॅम्पवर, दोन्हींत अंतर बोटभराचंही नाही. काकांना सेल्फ मारायला सांगितलं. तिथे शून्याच्या जवळ काही दिसायला हवं होतं. आकडा थरथरत पाचच्या वर गेला. बॅटरीचं बळ त्या बोटभर जागेत संपत होतं.

क्लॅम्प हाताने फिरवून पाहिला, तर फिरला! बोल्ट मात्र पक्का आवळलेला होता. नीट पाहिल्यावर उलगडा झाला. वर्षानुवर्षं काढघाल होऊन क्लॅम्प ताणला गेला होता आणि त्याचे दोन्ही कान, म्हणजे बोल्ट ज्यांतून जातो ती टोकं, आता एकमेकांना भिडत होते. दहा नंबरचा पाना बोल्ट आवळत होता तो कानांवर. खुंटावर पकड बसतच नव्हती. आतल्या बाजूला करडा थर आणि पांढरट भुकटी होती. धातूचे दोन पृष्ठभाग आपल्याला गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर ते डोंगर-दऱ्यांसारखे असतात आणि फक्त शिखरं शिखरांना टेकतात. दाब कमी झाला की टेकणारी शिखरं घटतात, वर ऑक्साइडचा थर आला की उरलेल्यांतलीही कित्येक निकामी होतात. दीडशे अँपिअरला तेवढी वाट पुरत नाही. क्लॅम्प गरम लागला तर तोही याच दुखण्याचा पुरावा.

प्लसचा सांधा चांगला निघाला तर मायनसकडे वळावं, आणि तिथून अर्थिंगच्या पट्ट्याकडे. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने बॉडीपासून तुटलेलं. सेल्फचा सगळा करंट इंजिनमधून बॅटरीकडे परततो तो त्या एका जाड पट्ट्यातून. कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याच्या बोल्टखाली गंज धरायला वेळ लागत नाही. मग करंट क्लचच्या केबलसारखी भलतीच वाट शोधतो आणि ती केबल तापते.

इंजिन जोमाने फिरतंय पण पेट घेत नाही, अशी तक्रार असेल तर बॅटरीला मोकळं सोडा. इंधन, स्पार्क आणि इमोबिलायझरचा (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा तपासा. सुरू होऊन लगेच बंद पडत असेल तर इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलने (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेने) बॅटरी काढल्यावर आपली शिकलेली मापं विसरलेली असू शकतात. आणि चुकून प्लस-मायनस उलटं लागलं असेल तर पुन्हा किल्ली फिरवू नका. मुख्य फ्यूज जातो, ऑल्टरनेटरचे (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोडही जळू शकतात.

काकांच्या गाडीचं काम वीस मिनिटांचं होतं. आधी मायनस काढला, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही. क्लॅम्पचे कान कानशीने घासून मध्ये फट केली, खुंट आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केली, आवळून वरून व्हॅसलिन फासलं, मायनस शेवटी जोडला. पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झालं आणि काकू वेळेत पोहोचल्या.

काकांनी जुनी बॅटरी अजून दुकानात दिली नव्हती. त्या रात्री ती चार्जरवर ठेवली आणि दुसऱ्या दिवशी गाडीला लावून पाहिली. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेदहाच्या खाली गेलं नाही.