सन किंग (बीटल्सचं गाणं)

बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ (सप्टेंबर १९६९) अल्बमच्या दुसऱ्या बाजूला जी सलग मेडली (एकाला एक जोडून वाजवलेली गाणी) आहे त्यातलं हे जेमतेम अडीच मिनिटांचं गाणं. श्रेय नेहमीप्रमाणे जॉन लेनन-पॉल मॅकार्टनी जोडीला, पण गाणं मुळात जॉन लेननचं. आधी नाव ‘हिअर कम्स द सन किंग’ असं होतं, पण त्याच अल्बममध्ये बीटल्सचाच गिटारवादक जॉर्ज हॅरिसनचं ‘हिअर कम्स द सन’ असल्याने घोळ नको म्हणून ते छोटं केलं.

नाव आलं कुठून यावर मतं वेगवेगळी आहेत. लेननच्या सांगण्यानुसार हे गाणं त्याला स्वप्नात सुचलं, तर काही अभ्यासक लेखिका नॅन्सी मिटफर्डच्या फ्रान्सचा राजा चौदावा लुई (ज्याला ‘सन किंग’ म्हणत) याच्यावरच्या १९६६ च्या चरित्राकडे बोट दाखवतात, कारण त्याचंही नाव ‘द सन किंग’च आहे. आता पुस्तक डोक्यात राहिलं आणि मग स्वप्नात आलं असंही होऊ शकतं, त्यामुळे दोन्ही मतं एकमेकांना खोडतात असं काही वाटत नाही. पण गाण्यात लुई वगैरे कुणी नाही, राजा येतोय आणि सगळे खुशीत आहेत एवढंच आहे.

गिटारच्या बाबतीत मात्र एवढा वाद नाही. फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडचं ‘अल्बट्रॉस’ ही गिटारची धून १९६९ च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये एक नंबरला होती, आणि आपण तसं काहीतरी वाजवूया म्हणून सुरुवात केली हे हॅरिसनने पुढे स्वतःच सांगितलंय.

शेवटच्या ओळी स्पॅनिश, इटालियन, पोर्तुगीज शब्दांची खिचडी आहेत. गाता गाता मस्करी सुरू झाली, मॅकार्टनीला शाळेतलं थोडंफार स्पॅनिश येत होतं, मग कानाला बरे वाटतील ते शब्द एकामागोमाग जोडत गेले. मधेच ‘चिका फर्डी’ येतं ते तर स्पॅनिशही नाही, लिव्हरपूलच्या पोरांचं चिडवायचं बोलणं आहे. या ओळींचं भाषांतर करायचा प्रयत्न लोक अजून करतात, पण त्यात हाती काही लागत नाही, खरी मजा तिथल्या एकावर एक चढवलेल्या आवाजांची आहे.

रेकॉर्डिंग २४ जुलै १९६९ ला सुरू झालं, पुढचं ‘मीन मिस्टर मस्टर्ड’ त्याला जोडूनच वाजवलं. सुरुवातीची रातकिड्यांची किरकिर मॅकार्टनीच्या टेप लूपमधली (टेपवर पुन्हा पुन्हा फिरणारा आवाजाचा तुकडा).

१९८० च्या मुलाखतीत लेननने या गाण्याला सरळ कचरा म्हटलं. २००६ च्या ‘लव्ह’ अल्बममध्ये यातलेच आवाज उलटे वाजवून ‘ग्निक नस’ (Sun King उलटं लिहून Gnik Nus) हा तुकडा केलाय.