आंघोळीचा स्पंज

समुद्रतळाच्या खडकाला चिकटून राहणाऱ्या काही रंध्रीय प्राण्यांचा धुऊन वाळवलेला मऊ सांगाडा. आज दुकानात स्पंज म्हणून मिळणारा चौकोनी तुकडा बहुधा प्लॅस्टिकच्या फेसाचा असतो, आणि अंग घासायचा लूफा ही तर जून घोसाळ्याची जाळी. या दोन्हींचा समुद्राशी काही संबंध नाही.

स्पंजाला तोंड, पोट, हृदय, मेंदू यांपैकी काहीच नसते. मोठा झाल्यावर तो जागचा हलतही नाही, त्यामुळे कित्येक शतके बरेच जण त्याला वनस्पतीच समजत. १७६५ मध्ये निसर्ग-अभ्यासक जॉन एलिस यांनी जिवंत स्पंजातून पाणी खेळताना पाहिले आणि ती समजूत डळमळली. अंगभर पसरलेल्या बारीक छिद्रांतून (ऑस्टिया) पाणी आत येते. आतल्या कॉलर पेशी कशाभिका (चाबकासारखे सूक्ष्म धागे) हलवून हा प्रवाह चालू ठेवतात आणि त्यातले जीवाणू व अन्नकण टिपून घेतात. गाळलेले पाणी ऑस्क्युलम या मोठ्या छिद्रातून बाहेर पडते. हेच त्याचे खाणे, हेच श्वसन आणि हेच उत्सर्जन.

स्पंजांच्या नऊ हजारांच्या आसपास जाती ज्ञात आहेत, पण अंगाला लावण्याजोग्या मोजक्याच. बहुतेकांच्या शरीरात चुन्याच्या किंवा सिलिकाच्या टोकदार कंटिका असतात. त्या त्वचेला ओरखडतील. स्पॉंजिया आणि हिप्पोस्पॉंजिया या प्रजातींत कंटिका नसतात, असते फक्त स्पॉंजिन या प्रथिनाच्या तंतूंची लवचिक जाळी. पाणी धरून ठेवण्याचा गुण या जाळीचा. म्हणून न्हाणीघराखेरीज कुंभारकाम आणि रंगकाम यांतही हा स्पंज अजून वापरात आहे.

भूमध्य समुद्रात त्याचा व्यापार फार जुना. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरचे पाणबुडे सपाट जड दगड हाती धरून, एका श्वासात तळ गाठत. १८६० च्या दशकात हवा पुरवणारा पोशाख आला, मुक्काम लांबला आणि पकडही वाढली. पण खोलातून झटकन वर येताना रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे तेव्हा त्यांना कोणी सांगितले नाही. कित्येक तरुण मेले, कित्येक जन्मभर लुळे झाले. स्पंजाच्या इतिहासात ही माणसे आधी आठवली पाहिजेत. पुढे साथींनी स्पंजच मारले: १९३८-३९ मध्ये कॅरिबियन भागात आणि १९८६ पासून भूमध्य समुद्रात.

स्पंजाच्या शेतीचा मार्ग या प्राण्याच्या शरीररचनेतच आहे. १९०७ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला, तर सुट्या झालेल्या पेशी पुन्हा एकत्र येऊन त्यांचे छोटे स्पंज तयार झाले. मग कापलेला तुकडा वाढणे ही काही मोठी गोष्ट नाही. उसाचे बेणे लावावे तसे निरोगी स्पंजाचे तुकडे दोरीत ओवून उथळ, स्वच्छ, वाहत्या पाण्यात टांगतात. खत नको, खाद्य नको. पाणीच सगळे आणून देते. काम असते ते दोऱ्यांवर चढलेले शेवाळ खरवडत राहण्याचे. झांझिबारमधील जांबियानी गावात, समुद्र तापल्याने समुद्रशेवाळाची शेती बिघडू लागल्यावर, काही स्त्रियांनी हा व्यवसाय धरला.

काढलेला स्पंज काळा, बुळबुळीत असतो आणि त्याला उग्र वास येतो. मांसल भाग कुजू देऊन, तुडवून, पिळून, वारंवार धुतल्यावर आतली पिवळसर जाळी उरते. समुद्रातून काढताना तो हुकाने मुळासकट उपटण्याऐवजी बुडखा ठेवून कापला, तर खोडव्यासारखा तिथेच पुन्हा वाढू शकतो.