गिल्बर्ट हिलचं वय आणि डायनासोरांचा शेवट

अंधेरी पश्चिमेला दाट वस्तीच्या मधोमध उभा असलेला काळा कातळ पाहायला शाळेची मुलं आली, की त्यांना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: ही टेकडी सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीची, डायनासोर नष्ट झाले तेव्हाची. बातम्यांमध्येही हाच आकडा फिरतो. तो आकडा डायनासोरांच्या शेवटाचा आहे. टेकडीला तो कसा चिकटला, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं.

भारतात डायनासोरांची हाडं पहिल्यांदा मिळाली ती १८२८ साली, जबलपूरजवळ. 'डायनासोर' हा शब्दच १८४२चा, म्हणजे हाडं हाती आली तेव्हा ती कोणाची हे सांगायला नावही नव्हतं. पुढे नर्मदेचं खोरं, गुजरात आणि आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं पिसदुरा इथून हाडं, अंडी, अश्मीभूत विष्ठा असं बरंच काही निघालं. हे अवशेष बहुतेक दख्खनच्या लाव्हाखाली, म्हणजे ज्या लाव्हाने सह्याद्री आणि महाराष्ट्राचं पठार घडलं त्याच्याखाली, दबलेल्या गाळात मिळतात. कच्छमध्ये अंजारला मात्र लाव्हाच्या थरांच्या मधल्या गाळात ते मिळाले. लाव्हाचे पहिले लोट वाहून गेल्यावरही डायनासोर इथे नांदत होते, याचा हा पुरावा.

डायनासोर कशाने संपले, याचा खरा वाद पेटला १९८० साली. इटलीतल्या चिकणमातीच्या एका पातळ थरात इरिडियम हा जमिनीवर दुर्मीळ पण अशनींत भरपूर असणारा धातू भलताच जास्त निघाला आणि अशनीच्या आघाताची कल्पना पुढे आली. १९९१मध्ये मेक्सिकोतल्या युकातानचं सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर त्या आघाताचं म्हणून ओळखलं गेलं. याच सुमारास दख्खनच्या लाव्हाचंही वय नव्याने मोजलं जात होतं. जुन्या मोजणीत ते तीन कोटींपासून आठ कोटींपर्यंत कुठेही निघायचं, कारण खडकात काळाबरोबर साठत जाणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढतात, आणि खडक झिजला की तो निसटतो आणि वय चुकतं. सुधारलेल्या पद्धतीने मोजल्यावर दिसलं, की घाटातला बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आतबाहेर ओतला गेला, आणि तोही नेमका त्या विनाशाच्या आगेमागे. डायनासोर या लाव्हानेच तर संपले नाहीत, असा प्रश्न पुढे आला आणि 'दख्खन' आणि 'डायनासोर' हे शब्द तेव्हापासून एकत्र उच्चारले जाऊ लागले.

२०१०मध्ये ४१ शास्त्रज्ञांनी मिळून अशनीच्या बाजूने कौल दिला. माझ्या मते त्यात दख्खनला फार लवकर बाजूला सारलं गेलं. २०१९मध्ये दोन गटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. एका गटाने लोटांच्या मधल्या लाल मातीच्या पट्ट्यांतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांचं वय मोजलं. घाटात डोंगराच्या कापलेल्या अंगावर विटकरी रेघा दिसतात, तेच हे पट्टे. दुसऱ्या गटाने थेट लाव्हातल्या खनिजातला आर्गॉन मोजला. पहिल्याच्या हिशेबाने लाव्हाचा एक मोठा लोंढा आघाताच्या आधीच्या काही दहा हजार वर्षांत येऊन गेला होता, दुसऱ्याच्या हिशेबाने तीनचतुर्थांश लाव्हा आघातानंतरचा. आघात झाला, याबद्दल दोघांचंही दुमत नाही. प्रश्न आहे तो त्याआधीच हवामान किती बिघडलं होतं याचा, आणि त्याचं उत्तर सह्याद्रीतच मिळणार आहे.

मुंबईची गोष्ट मात्र यानंतर सुरू होते. गिल्बर्ट हिलच्या बेसाल्टचं वय २००१ साली आर्गॉन पद्धतीनेच मोजलं गेलं. ते आलं सहा कोटी पाच लाख वर्षं, बारा लाख इकडे किंवा तिकडे. सगळे बारा लाख जमेला धरले तरी डायनासोर संपून तोवर चाळीस लाखांहून अधिक वर्षं उलटली होती. आता एक खोच सांगायला हवी. जुन्या पुस्तकांत डायनासोरांचा शेवट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दिलेला असतो. मोजणीच्या मापदंडात दुरुस्ती झाली आणि तो सहा कोटी साठ लाखांवर गेला. त्याच न्यायाने टेकडीचं वयही थोडंफार वाढेल, पण मधलं अंतर बुजत नाही. मुंबईच्या इतर खडकांचंही तेच. पश्चिम उपनगरांतला ट्रॅकाइट हा दुसरा ज्वालामुखी खडक मोजला तेव्हा तोही सहा कोटी ते सहा कोटी वीस लाखांच्या दरम्यान निघाला. घाटातला मोठा उद्रेक थंडावल्यावर किनाऱ्यालगत ज्वालामुखी पुन्हा जागा झाला, आपलं शहर त्यावर उभं आहे.

गावदेवीच्या देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या चढण्याआधी खाली थांबून पाहा. उदबत्त्यांचा जुडगा उभा धरावा तसे दगडाचे उंच खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत. खांबावर हात फिरवला की त्याच्या कडा बोटांना लागतात. तप्त रस सावकाश थंड होताना आक्रसला आणि तडे जात गेले, म्हणून हे कोन पडले. एके काळी ही टेकडी बरीच मोठी होती, दगडाच्या खाणींनी ती चहूबाजूंनी खाल्ली. उरला तो जेमतेम दोनशे फुटांचा सुळका. टेकडी वाचवण्यासाठी झटणाऱ्यांनी डायनासोरांचं नाव घेतलं, हे मी समजू शकतो. त्याशिवाय कोण लक्ष देणार होतं? पण मुलांना चुकीचं वय शिकवावं लागू नये, इतकी ती स्वतःच्या बळावर मोलाची आहे.

मुलांना डायनासोरांच्या काळातला दगडच दाखवायचा असेल तर कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात न्यावं. तिथले लोट दोन्ही गटांच्या मोजणीत आघाताच्या आधीचे ठरतात. आणि मुंबईतच थांबायचं असेल तर वरळीच्या बेडकांची गोष्ट सांगावी. लाव्हाच्या दोन थरांमध्ये इथे गोड्या पाण्याचं तळं होतं. त्याच्या काळपट गाळात लहानखुऱ्या बेडकांचे अख्खे सांगाडे दगड होऊन राहिले, १८४७ साली त्यांचं शास्त्रीय वर्णन झालं. पाच वर्षांनी तिथल्याच एका कासवाचंही झालं. डायनासोर जाऊन लाखो वर्षं झाली होती, जवळपास कुठेतरी अजून लाव्हा वाहत होता, आणि वरळीच्या तळ्यात बेडकं पोहत होती.