कचरा होऊ न देणं आणि झालेल्यातून काढून घेणं

शाश्वत (किंवा हरित) रसायनशास्त्र, म्हणजे कचरा मुळात होऊच न देणारं रसायनशास्त्र, आणि संसाधन पुनर्प्राप्ती, म्हणजे झालेल्या कचऱ्यातून उपयोगी पदार्थ परत मिळवणं, हे विषय आता काही विद्यापीठांत एकाच पदव्युत्तर वर्गात शिकवले जातात. नावं शेजारीशेजारी आली की दोन्ही एकच वाटतात. पण त्यांचा उगम वेगळा आहे आणि दोघांमध्ये एक जुना पेचही आहे. प्रवेश घेण्याआधी तो माहीत असावा.

पुनर्प्राप्ती वयाने मोठी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये धुण्याचा सोडा लब्लांक पद्धतीने व्हायचा. मिठावर सल्फ्युरिक आम्ल घालायचं आणि तयार होणारा क्षार चुनखडी व कोळशाबरोबर भट्टीत भाजायचा. ८ टन सोड्यामागे सुमारे साडेपाच टन हायड्रोजन क्लोराइड धुराड्यातून बाहेर पडे, वर ७ टन गंधकयुक्त गाळ कारखान्यामागे साचे. विडनेस, सेंट हेलेन्स भागात झाडं करपली, ढिगाऱ्यांतून सडक्या अंड्यांचा वास येऊ लागला. शेवटी १८६३ च्या अल्कली कायद्याने किमान ९५ टक्के वायू अडवण्याची सक्ती केली. पुढे वेल्डन आणि डीकन यांच्या पद्धतींनी या वायूपासून मिळणाऱ्या आम्लातून क्लोरीन काढता येऊ लागला. त्याची ब्लीचिंग पावडर कापडाच्या आणि कागदाच्या गिरण्यांना हवीच होती. १८८० च्या दशकात गाळातलं गंधकही परत मिळू लागलं.

पण १८६१ मध्येच बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी सोड्याची स्वस्त पद्धत शोधली होती. तिच्यात अमोनिया पुन्हापुन्हा वापरता येतो. ती पसरल्यावर लब्लांकचे कारखाने लवकरच बंद पडायला हवे होते. तरी ब्रिटनमध्ये ते कितीतरी वर्षं तगले, आणि त्यात ब्लीचिंग पावडरीच्या विक्रीचा मोठा हात होता. टाकाऊला भाव आला आणि टाकाऊ निर्माण करणारी पद्धतच जगली. पेच तो हाच. या सगळ्या इतिहासात मला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हरित रसायनशास्त्र आलं ते उलट बाजूने. भोपाळनंतर धोकादायक पदार्थ नुसता सांभाळणं पुरत नाही, तो वापरावाच का, हा प्रश्न टाळता येईना. १९९० मध्ये अमेरिकेत प्रदूषण प्रतिबंध कायदा झाला. पुढच्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ बॅरी ट्रॉस्ट यांनी ‘अणू-काटकसर’ मांडली : कच्च्या मालातले किती अणू शेवटच्या मालात उतरतात ते मोजा. १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांची हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं आली. त्यांतलं पहिलंच सांगतं, कचरा निस्तरण्यापेक्षा तो होऊ देऊ नका.

वर्गात हमखास येणारं उदाहरण आयबुप्रोफेन या वेदनाशामक औषधाचं. जुन्या पद्धतीत ६ टप्पे होते आणि जेमतेम ४० टक्के अणू औषधात उतरत. नव्या पद्धतीत टप्पे ३ झाले, प्रमाण ७७ टक्क्यांवर गेलं. बाहेर पडणारं अ‍ॅसिटिक आम्ल परत मिळवून वापरलं, तर ते ९९ टक्क्यांपर्यंत जातं. इथे दोन्ही विचार एकमेकांच्या उपयोगी पडले.

वॉर्नर यांनी बोस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात हरित रसायनशास्त्राची पीएचडी सुरू केली, ब्रिटनमध्ये यॉर्कला पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. स्वीडनमधल्या बोरोसच्या विद्यापीठाने पुनर्प्राप्तीकडून सुरुवात केली. त्या गावात लोक ओला कचरा आणि जळण्याजोगा कचरा वेगवेगळा ठेवतात, ओल्यापासून बायोगॅस होतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला हा पेच पाहायला दूर जावं लागत नाही. साखर कारखान्याच्या मळीपासून अल्कोहोल करताना दर लिटरमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश, म्हणजे अल्कोहोल काढून घेतल्यावर उरणारं सांडपाणी, निघतो. त्यातून बायोगॅस मिळतो, तो आटवून जाळला तर राखेतून पोटॅश मिळतं. दुसरीकडे आंबवण्याची पद्धत बदलून स्पेंट वॉशच कमी करता येतो. प्रकल्पाचा पैसा यांतल्या कोणत्या कामावर आधी घालायचा, हे प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात ठरवावं लागतं.