ताप उतरला, पण लागण संपली का?

१९८१ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १२ वर्षांचा एक मुलगा बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात आला. अंगावर पुरळ उठून दुसरा दिवस होता आणि तो जोरजोरात खोकत होता. दवाखान्यात तो तासभर थांबला, त्यातला बहुतेक वेळ तपासणीच्या एकाच खोलीत. पुढे त्याच दवाखान्यात येऊन गेलेल्या आणखी ७ जणांना गोवर झाला. कोण कधी आलं आणि कुठे बसलं याचा माग काढल्यावर दिसलं की त्यातल्या चौघांशी त्याची गाठ पडली ती येता-जाता, बाहेरच्या बाकांवरच्या गर्दीतून तो गेला तेवढीच. या चौघांतही एकच जण त्याच्या मीटरभर अंतरात समोरासमोर आला होता. उरलेले तिघे तो असलेल्या खोलीत गेलेच नव्हते. तिघांपैकी एक तर मुलगा निघून गेल्यावर तासाभराने दवाखान्यात पोहोचला होता.

गोवराचा विषाणू खोकल्याच्या जड थेंबांबरोबर लगेच खाली बसत नाही. अत्तर लावलेला माणूस उठून गेला तरी वास मागे रेंगाळतो, तसा तो बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेली १० माणसं रुग्णाच्या संपर्कात आली तर त्यातल्या साधारण ९ जणांना लागण होते. इतका लागट आजार दुसरा सापडणं कठीण.

त्या मुलाला आणणाऱ्यांचं काही चुकलं का? आजारी पोराला डॉक्टरकडे नाही न्यायचं तर कुठे न्यायचं! शिवाय त्याला गोवराची लस दिलेली होती, वयाच्या साडेअकराव्या महिन्यात. त्या वयात काही बाळांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला अडवणारी प्रथिनं, शिल्लक असतात आणि ती लसीतल्या विषाणूलाही निष्प्रभ करतात. म्हणून पहिला डोस काही मुलांना लागू पडत नाही आणि दुसरा द्यावा लागतो. सांगायचं एवढंच की चांगल्या हेतूने, योग्य ठिकाणी नेलेलं मूलही सात जणांना आजार देऊन येऊ शकतं. मग जिथे न गेलं तरी चाललं असतं तिथे नेताना दोनदा विचार करायला हवा, आणि तो करायचा तर लागण कधी सुरू होते नि कधी संपते हे ठाऊक हवं.

इथेच आपला हिशेब चुकतो. मुलाचं आजारपण आपण त्याच्या चेहऱ्यावरून मोजतो. डोळे मलूल, अन्नावर वासना नाही, सारखी किरकिर, म्हणजे आजारी. उठून खेळायला लागलं म्हणजे बरं. लागणीचं वेळापत्रक या दोन्हींशी जुळत नाही. गोवराचा रुग्ण पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत आजार पसरवतो. कांजिण्यांची लागण फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू होते आणि शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत चालते. गालगुंडात गाल सुजायच्या आधीचे २ दिवस आणि नंतरचे ५. फ्लू लक्षणांच्या आदल्या दिवसापासून पुढे ५ ते ७ दिवस, आणि लहान मुलांत त्याहूनही लांबतो.

लक्षणांच्या आधी लागण, हे उलटं वाटतं खरं. पण विषाणू शरीरात शिरतो तेव्हा आधी गाजावाजा न करता वाढतो. ताप, अंगदुखी, पुरळ ही बरीचशी प्रतिकारशक्तीने नंतर उघडलेल्या मोहिमेची चिन्हं असतात. गोवराचं पुरळ हे याचं नामी उदाहरण. त्वचेतल्या बाधित पेशींवर आपल्याच टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी, तुटून पडतात, तेव्हा ते उमटतं. ज्या मुलांमध्ये ही यंत्रणा फार दुबळी असते, त्यांना गोवर होऊनही कधीकधी पुरळ येतच नाही आणि आजार मात्र जास्त भयंकर निघतो.

डांग्या खोकला तर निव्वळ चकवतो. पहिला आठवडा-दोन आठवडे नुसतं नाक गळतं, अधूनमधून खोकला येतो, आणि सगळ्यात जास्त लागण होते ती याच काळात. दम कोंडणारी उबळ आणि श्वास आत ओढताना येणारा तो विशिष्ट आवाज सुरू होऊन घरच्यांच्या पोटात गोळा येईपर्यंत हे साधं सर्दी-पडसं म्हणून सगळीकडे फिरून झालेलं असतं. उपचार न झाल्यास खोकला सुरू झाल्यापासून सुमारे ३ आठवडे लागण होत राहते. योग्य प्रतिजैविकाचे ५ दिवस पूर्ण झाले की ती थांबते, खोकला मात्र पुढे कित्येक आठवडे पाठ सोडत नाही.

आधी कळतच नसेल तर घरी ठेवून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. पुष्कळ वेळा आधी कळतं, फक्त आपण मागे वळून पाहत नाही. कांजिण्यांचा उबवणकाळ, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ, १० ते २१ दिवसांचा असतो. वर्गात कुणाला कांजिण्या झाल्या आणि आपल्या मुलाला ना त्या होऊन गेल्या आहेत ना लस दिलेली आहे, तर त्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आलेली साधी कणकण साधी समजू नये. कॅलेंडरवर एक खूण केली तरी पुरते.

आता तापाच्या औषधाबद्दल. सकाळी पॅरासिटामॉल पाजायचं, अंग थंड लागलं की दप्तर अडकवून शाळेत सोडायचं, हा प्रकार इतका सर्रास चालतो की त्यात कुणाला वावगं वाटत नाही. हे औषध शरीराचं तापमान खाली आणतं, विषाणूच्या केसालाही धक्का लावत नाही. चार-सहा तासांनी त्याचा अंमल उतरतो, म्हणजे नेमकी शाळा अर्ध्यावर आलेली असताना पोर पुन्हा तापतं, आणि तोवर ते बाकावर शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून बसलेलं असतं. औषधाशिवाय पूर्ण २४ तास ताप नसेल तरच बाहेर पाठवा, असा नियम डॉक्टर सांगतात तो यासाठी. ही एक व्यवहारी तडजोड आहे, चोविसाव्या तासाला विषाणू मरून पडतो असं नाही. पण तडजोड असली तरी पाळण्यासारखी आहे.

उलट्या-जुलाबांसाठी तो आकडा दुप्पट, म्हणजे शेवटच्या उलटीनंतर किंवा जुलाबानंतर ४८ तास. त्यामागचा मुख्य गुन्हेगार नोरोव्हायरस. त्याचे मोजके कण पोटात गेले तरी माणूस आडवा होतो, आणि अल्कोहोलवाल्या सॅनिटायझरला तो फारशी दाद देत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. २०१० साली ऑरेगन राज्यातल्या मुलींचा एक फुटबॉल संघ स्पर्धेसाठी परगावी गेला होता. हॉटेलात एका मुलीला उलट्या सुरू झाल्या. तिला मैत्रिणींपासून वेगळं केलं गेलं, म्हणजे करायचं ते केलं. पण ती ज्या बाथरूममध्ये होती तिथे खाऊने भरलेली एक पिशवी ठेवलेली होती. उलटीच्या वेळी हवेत उडालेले कण पिशवीवर बसले असावेत. त्यातली बिस्किटं पुढे बाकीच्यांनी खाल्ली, बऱ्याच जणी आजारी पडल्या, आणि तपासात पिशवीवर विषाणू सापडला. मुलगी दूर होती, पिशवी नव्हती.

हे वाचून कुणी शेंबडं नाक दिसताच मुलाला कोंडून ठेवू लागेल तर तेही जमणारं नाही. लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होते. प्रत्येक सर्दीचे आठ-दहा दिवस धरले तर वर्षातले दोन-अडीच महिने त्यातच जातील. शिवाय सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो, तेव्हा बहुधा विषाणू गेलेला असतो आणि श्वासनलिकेचा हुळहुळेपणा तेवढा उरलेला असतो. काही मुलं दम्यामुळे खोकतात. त्यांच्याकडे वळून नाक मुरडणाऱ्यांना कुणाचंच संरक्षण करता येत नाही. हात-पाय-तोंड या आजाराचा विषाणू तर शौचावाटे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो. तेवढे दिवस मुलाला घरी कोण ठेवणार? तिथे हात धुण्यावरच भिस्त.

म्हणून मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: आपण नेतोय तिथे कोण असेल? याचं सर्वात बोलकं उत्तर रुबेलाने, म्हणजे जर्मन गोवराने दिलं आहे. मुलांना तो इतका सौम्य होतो की आईबापही विसरून जातात. हलका ताप, फिकट पुरळ, कानामागे गाठी, आणि अनेकांना तेवढंही नाही. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं नेहमीपेक्षा फारच जास्त येऊ लागली. चौकशीत कळलं की त्यांच्या बहुतेक आयांना गर्भारपणाच्या सुरुवातीला रुबेला होऊन गेला होता. ही बातमी सगळीकडे पोहोचायला वेळ लागला. १९४३ मध्ये हॉलिवूडची अभिनेत्री जीन टियर्नी गरोदर असताना सैनिकांसाठीच्या एका कार्यक्रमाला गेली आणि तिला रुबेला झाला. मुलगी जन्मली ती बहिरी, डोळ्यांनी अधू आणि गंभीर बौद्धिक अपंगत्व घेऊन. पुढे टियर्नीनेच सांगितलं आहे की काही काळाने एक चाहती तिला भेटली. त्या दिवशी आपल्याला रुबेला होता, पण तुम्हाला पाहायचं म्हणून आपण विलगीकरणातून निसटून आलो, असं त्या बाईने अगदी कौतुकाने तिला ऐकवलं.

चाहतीच्या लेखी तो किरकोळ आजार होता आणि तिच्यापुरतं ते खरंही होतं. लस येण्याआधीच्या शेवटच्या मोठ्या साथीत, १९६४-६५ मध्ये, एकट्या अमेरिकेत सुमारे २०,००० बाळं रुबेलाचे परिणाम घेऊन जन्मली. गर्भाला सर्वात जास्त धोका असतो तो पहिल्या तीन महिन्यांत, आणि नेमके तेच महिने पोट दिसत नसल्याचे. आगगाडीत समोर बसलेली बाई गरोदर आहे हे आपल्याला कळणार कसं? रक्ताच्या कर्करोगावर औषधं घेणारं मूलही केस परत आल्यावर चारचौघांसारखंच दिसतं, पण कांजिण्या त्याच्या फुप्फुसांपर्यंत आणि यकृतापर्यंत जाऊ शकतात. दोन महिन्यांच्या बाळाला डांग्या खोकला झाला तर ते कधीकधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. ‘होऊन जाऊ दे एकदाच्या’ म्हणून कांजिण्या झालेल्या घरी मुद्दाम मुलं खेळायला पाठवण्याची टूम अधूनमधून निघते. ती मुलं परत कुणाच्या घरी जाणार आहेत याचा विचार तिथे कुणी केलेला नसतो.

आता व्यवहाराचं. घरात दुसरं मोठं माणूस नाही, औषध आणायचं आहे, तर तापलेल्या पोराला कडेवर मारून दुकानात जाणाऱ्या आईला कुणी बोल लावू नये. औषधाच्या दुकानातली पाच मिनिटं आणि बंद सभागृहातल्या वाढदिवसाचे तीन तास यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. किती वेळ, किती जवळ आणि हवा खेळती की कोंडलेली, यावर बरंच ठरतं. मोकळ्या हवेत विषाणू झपाट्याने विरळ होतो. दोन वर्षांवरच्या मुलाला मास्क लावता येतो, त्याहून लहानाला लावू नये. दवाखान्यात जायचं असेल आणि अंगावर पुरळ असेल किंवा उबळीचा खोकला असेल, तर आधी फोन करावा. मग डॉक्टर शेवटची वेळ देऊ शकतात, बाहेरच थांबायला सांगू शकतात. जॉर्जियातल्या त्या सातांपैकी काही जण एवढ्याने वाचले असते. आणि वर्षभर एकही दिवस न चुकवल्याबद्दल बक्षीस देणाऱ्या शाळांनी ते बक्षीस बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. तापात शाळेत येण्याचं ते आमंत्रणच आहे.

इतकं पाळूनही कधीतरी गाठ पडणारच. वाढदिवसाहून आल्यावर दुसऱ्या दिवशी मुलाच्या पाठीवर पाण्याने भरलेला पहिला फोड दिसतो, आणि मग यजमानांना कळवायचं की गप्प बसायचं असा पेच पडतो. लाज वाटते, लोक काय म्हणतील असं वाटतं. पण लगेच कळवलं तर करण्यासारखं बरंच काही असतं. गोवराच्या संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. तान्ही बाळं, लस न झालेल्या गर्भवती आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना ६ दिवसांपर्यंत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. कांजिण्यांच्या लसीसाठी ३ ते ५ दिवस मिळतात, धोक्यातल्या माणसांना प्रतिपिंडं देण्यासाठी १० दिवस. डांग्या खोकल्यात घरात तान्हं बाळ असेल तर सगळ्यांना प्रतिबंधक प्रतिजैविक सुरू करता येतं. हे सगळे दिवस मोजायचे ते निरोप पोहोचल्यापासून नाही, मुलं एकत्र खेळली त्या संध्याकाळपासून.