चित्रपटप्रेक्षक (महाराष्ट्रातील)

चित्रपटप्रेक्षक : चित्रपटगृहात, तंबूत किंवा तात्पुरत्या उभारलेल्या पडद्यासमोर तिकीट काढून चित्रपट पाहणाऱ्यांचा समुदाय. प्रस्तुत नोंदीत महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबई, पुणे आणि पश्चिम महाराष्ट्रातील प्रेक्षकांच्या निरनिराळ्या गटांची चित्रपटगृहातील उपस्थिती कशी बदलत गेली, एवढाच विषय घेतला आहे. घरबसल्या दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर होणारे चित्रपटदर्शन तुलनेपुरतेच आले आहे. ‘प्रेक्षकवर्ग’ या रूढ शब्दातील ‘वर्ग’ दुहेरी अर्थाचा आहे. तो समाजातील थर दाखवतो आणि तिकिटावर छापलेली बसण्याची श्रेणीही दाखवतो. मूकपटाच्या काळापासून पिट (पडद्यालगतची सर्वांत स्वस्त जागा), स्टॉल आणि बाल्कनी अशा श्रेणी पडत गेल्या आणि ‘पिटातला प्रेक्षक’ हा शब्दप्रयोग अभिरुचीचा निदर्शक होऊन बसला. वस्तुतः कोण चित्रपटाला येतो हे आवडीपेक्षा तिकिटाचा दर, खेळाची वेळ आणि बसण्याची सोय या तीन गोष्टींनीच अधिक ठरले आहे.

आरंभ : भारतातील पहिला चित्रपटखेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीने केला. तिकीट १ रुपया होते. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात होऊ लागले. पहिल्या खेळास भारतीय प्रेक्षक होते किंवा नाही, याविषयी लेखकांत एकवाक्यता नाही. हॉटेलाचा राबता युरोपीय होता, जाहिरात इंग्रजी वृत्तपत्रात आली होती आणि एक रुपया ही रक्कम त्या काळच्या सामान्य मजुराच्या आवाक्याबाहेरची होती. या तिन्ही गोष्टींवरून पहिला प्रेक्षक निव्वळ गोरा होता, असे अनुमान काढले जाते. उलटपक्षी, पुढे भारतातील आद्य चित्रणकार म्हणून मान्यता पावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर (सावेदादा) वॉटसनमधील खेळास हजर होते, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. काही ठिकाणी मात्र त्यांनी तो खेळ नॉव्हेल्टीत पाहिल्याचा निर्देश आहे. सावेदादांचा मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसाय होता. त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि हँगिंग गार्डन येथील कुस्तीचे चित्रण केले (सु. १८९९, काहींच्या मते १८९७). अशा व्यवसायातील गृहस्थाने कुतूहलापोटी एक रुपया मोजणे अशक्य नव्हते. तथापि त्यांची उपस्थिती सिद्ध झाली, तरी त्यावरून प्रेक्षकवर्ग सिद्ध होत नाही. प्रेक्षकांचे गट पडल्याचा स्पष्ट पुरावा नॉव्हेल्टीच्या जाहिरातींत मिळतो. जुलैअखेर तेथील दर ४ आण्यांपासून २ रुपयांपर्यंत चढत्या श्रेणीने ठेवलेले होते आणि पडदानशीन स्त्रिया व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी राखीव बॉक्सची सोय होती. म्हणून महाराष्ट्रातील प्रेक्षकवर्गांचा आरंभ वॉटसनऐवजी नॉव्हेल्टीपासून मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

मूकपटांचा काळ : ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये दादासाहेब फाळके यांचा राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रदर्शित झाला. रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा पुंडलिक त्याआधी, १८ मे १९१२ रोजी, त्याच ठिकाणी दाखवला गेला होता. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या मानासंबंधीचा तो वाद येथे प्रस्तुत नाही. सहा सहा तास चालणाऱ्या नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकाला दीड तासाचा खेळ महाग वाटे. त्यावर तोड म्हणून फाळक्यांनी सत्तावन्न हजार छायाचित्रांचा, दोन मैल लांबीचा खेळ केवळ तीन आण्यांत, अशी जाहिरात केल्याचे सांगतात. चित्रपटाची किंमत वाराने कापड मोजावे तशी लांबीत सांगणारी ही जाहिरात त्या काळच्या गिऱ्हाइकाची पारख दाखवते. फाळक्यांच्याच लंकादहनने (१९१७) पौराणिक कथांचा प्रेक्षक किती विस्तृत आहे हे दाखवून दिले. पहाटेपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत खेळ लावावे लागले आणि जमलेली नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागली, अशी आख्यायिका आहे. तिच्यात अतिशयोक्ती असावी. पण नाणी होती, नोटा नव्हत्या, हा तपशील तिकिटाच्या दराशी जुळतो.

पुण्यात १९१५ मध्ये आर्यन हे पहिले कायमचे चित्रपटगृह सुरू झाले. ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट समितीने प्रेक्षकांतील निरक्षरांचे, मुलांचे आणि स्त्रियांचे प्रमाण यांविषयी साक्षीदारांकडून माहिती मागवली. प्रेक्षकगटांची अधिकृत चौकशी झाल्याचे हे भारतातील पहिले मोठे उदाहरण होय. समितीपुढील साक्षींचा सर्वसाधारण कल असा की, सुशिक्षित प्रेक्षक पाश्चात्त्य चित्रपटांकडे, तर कामगार, कारागीर आणि स्त्रिया पौराणिक देशी चित्रपटांकडे अधिक वळत. साक्षीदारांत चित्रपटगृहांचे मालक, अधिकारी आणि प्रतिष्ठित नागरिक यांचा भरणा होता; पिटात बसणाऱ्याचे मत त्यांच्या तोंडूनच नोंदले गेले, हे ध्यानात ठेवावयास हवे.

मोजणीचा प्रश्न : मुंबई करमणूक शुल्क अधिनियम, १९२३ अन्वये तिकिटावर कर बसला आणि दर खेळाच्या तिकिटविक्रीचा हिशेब जिल्हाधिकारी कचेरीच्या करमणूक कर निरीक्षकास दाखवणे आवश्यक झाले. चित्रपटगृहाचा व्यवस्थापक रोज जो तक्ता भरतो, त्यास व्यवसायात ‘डीसीआर’ (डेली कलेक्शन रिपोर्ट) म्हणतात. त्यात श्रेणीनुसार विकलेली तिकिटे, दर आणि कर यांचे रकाने असतात. हा पुरावा भक्कम असला, तरी त्याला दोन मर्यादा आहेत. एक म्हणजे तिकिटावर माणसाचे वय, लिंग किंवा व्यवसाय नसतो. दुसरी म्हणजे एकाच माणसाने तोच चित्रपट पाच वेळा पाहिला, तरी तक्त्यात पाच प्रेक्षक दिसतात.

जुन्या काळी यशाचे माप आठवड्यांत सांगत. २५ आठवड्यांस रौप्यमहोत्सव, ५० आठवड्यांस सुवर्णमहोत्सव मानला जाई. अनंत माने दिग्दर्शित सांगत्ये ऐका (१९५९) पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. परंतु आठवडा हे एकक सारखे नाही. दिवसाला तीन खेळांचा आठवडा आणि केवळ एका मॅटिनीचा आठवडा कागदावर समान ठरतात आणि मुंबईत मराठी चित्रपटांच्या वाट्याला पुष्कळदा मॅटिनीच येई. शिवाय प्रती थोड्या असल्यामुळे चित्रपट आधी शहरात, मग जिल्ह्याच्या गावी आणि मग तालुक्याला जाई. आज शेकडो पडद्यांवर एकाच शुक्रवारी लागून तीन आठवड्यांत उतरणाऱ्या चित्रपटाचे प्रेक्षक त्याहून अधिक असू शकतात. म्हणून आठवड्यांच्या संख्येवरून दोन पिढ्यांच्या उपस्थितीची तुलना करणे सदोष आहे.

अलीकडे ऑरमॅक्स या संस्थेने बारा महिन्यांत निदान एक चित्रपट चित्रपटगृहात पाहणारा तो प्रेक्षक, अशी व्याख्या घेऊन संपूर्ण भारताचे अंदाज दिले आहेत. त्यांनुसार करोनापूर्व काळात सु. १४.६ कोटी असलेली ही संख्या २०२२ मध्ये सु. १२.२ कोटींपर्यंत घसरली व २०२३ साठी सु. १५.७ कोटींवर गेली. याच संस्थेच्या दुसऱ्या अंदाजानुसार विकलेली तिकिटे २०२३ मध्ये ९४.३ कोटी, तर २०२४ मध्ये ८८.३ कोटी होती. २०२३ चे दोन्ही आकडे ग्राह्य धरल्यास माणशी वर्षाला सु. सहा तिकिटे येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही महिन्यातून किमान एकदा चित्रपटगृहात जाण्याविषयी प्रश्न असतो आणि त्यात पुरुषांचे प्रमाण स्त्रियांहून अधिक येत आले आहे.

जत्रेतील तंबू : बोलपटानंतर प्रेक्षकांची विभागणी भाषेनुसार होऊ लागली. आलम आरा १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये आणि अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट १९३२ मध्ये आला. प्रभात फिल्म कंपनीचा संत तुकाराम (१९३६) मुंबईच्या सेंट्रलमध्ये वर्षाहून अधिक काळ चालला. एरवी चित्रपटाकडे न फिरकणारा वारकरी आणि वयस्क स्त्रियांचा गट त्याने चित्रपटगृहात आणला, असे सर्वसाधारण मत आहे. ग्रामीण प्रेक्षकापर्यंत मात्र चित्रपट मुख्यतः फिरत्या तंबूंतून, म्हणजे टूरिंग टॉकीजमधून, पोहोचला. सुगीनंतर सुरू होणाऱ्या जत्रांचे वेळापत्रक हेच या व्यवसायाचे वेळापत्रक असते. जुन्या ट्रकवर पक्का बसवलेला प्रोजेक्टर, शेजारी धडधडणारे जनित्र, भोंग्यावरून चाललेला पुकारा आणि आत जमिनीवर अंथरलेली पोती, असे त्याचे स्वरूप असे. तंबूच्या मधोमध दोर किंवा कापडी पडदा लावून एका बाजूस पुरुष आणि दुसऱ्या बाजूस बायका-मुले बसत. नॉव्हेल्टीतील राखीव बॉक्सचीच ही ग्रामीण आवृत्ती म्हणता येईल; फरक एवढाच की बॉक्स पैसेवाल्यांसाठी होता, दोर मात्र सर्वांसाठी एकच असे. या सोयीमुळे घरातील वडीलधारी मंडळी सुनांना-लेकींना रात्रीच्या खेळास पाठवण्यास राजी होत.

गिरणगाव : लालबाग, परळ, नायगाव या भागांत कोकणातून आणि घाटावरून आलेले, बहुधा कुटुंब गावी ठेवून राहणारे गिरणी कामगार हा मुंबईतील मराठी चित्रपटांचा कणा होता. पाळीच्या वेळा पाहून खेळ गाठला जाई. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जमिनीवरील भारतमाता चित्रपटगृह स्वस्त तिकिटासाठी आणि मराठी चित्रपटांसाठी प्रसिद्ध राहिले. दादा कोंडके यांचा सोंगाड्या (१९७१) शिवसेनेच्या हस्तक्षेपानंतर दादरच्या कोहिनूरमध्ये लागला आणि त्यांच्या सलग नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले. या यशाचे श्रेय द्व्यर्थी संवादांस देण्याची टीकाकारांची रीत आहे. नायगाव-लालबागच्या वस्तीत वाढलेल्या कोंडक्यांना त्या प्रेक्षकाची बोली अंगची होती, हे कारण अधिक महत्त्वाचे दिसते.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगारनेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सु. अडीच लाख कामगार उतरले. संप फसल्यावर त्यांतील अनेक जण गावी परतले. मराठी चित्रपटाचा मुंबईतील प्रेक्षक संपानेच हिरावला, असे विधान वारंवार केले जाते. पण त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि त्याच सुमारास व्हिडिओ कॅसेटही पसरली. मुंबई दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट दाखवला जाई. त्यामुळे मध्यमवर्गीय कुटुंबांची गळती टेलिव्हिजनमुळे आणि कामगारांची संपामुळे, असे विभाजन करणारे मत अधिक संयत वाटते.

स्त्री प्रेक्षक : स्त्रियांची उपस्थिती सलग न वाढता लाटांनी वाढलेली दिसते. जय संतोषी माँ (१९७५) या हिंदी चित्रपटाच्या वेळी स्त्रिया चपला बाहेर काढून आत जात आणि पडद्याला ओवाळत, हे प्रसिद्धच आहे. माहेरची साडी (१९९१) पाहण्यास खेड्यापाड्यांतून स्त्रिया गटागटाने आल्या. बाईपण भारी देवा (२०२३) च्या वेळी भिशी मंडळे, महिला मंडळे आणि सोसायट्यांतील मैत्रिणींनी साड्या, गॉगल घालून अख्ख्या रांगा आरक्षित केल्या. तिन्ही वेळा स्त्रिया कुटुंबाबरोबर आलेल्या नसून स्त्रियांबरोबर आलेल्या आहेत, ही बाब प्रेक्षकांच्या अभ्यासात पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

बहुपडदा चित्रपटगृहे : राज्य शासनाने २००१ च्या धोरणानुसार मल्टिप्लेक्सना पहिली तीन वर्षे करमणूक शुल्कात पूर्ण सूट दिली. श्वास (२००४) नंतर शहरी सुशिक्षित प्रेक्षक मराठीकडे परतला, परंतु तो मॉलमधील महाग आसनावर. पिट नाहीसे झाले आणि त्याबरोबर पिटात बसणाराही बराचसा बाहेर राहिला. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समधील मराठी चित्रपटांच्या वेळेवरून वाद झाला आणि शासनाने दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत मराठी खेळ लावण्याचे सूत्र ठरवले. सैराट (२०१६) ने ग्रामीण तरुणांना पुन्हा एकपडदा चित्रपटगृहांत व तंबूंत खेचले. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूर येथे रात्री १२ आणि ३ वाजताचे खेळ लागल्याची वृत्ते आली होती.

मार्च २०२० मध्ये बंद झालेली राज्यातील चित्रपटगृहे त्या नोव्हेंबरात निम्म्या क्षमतेने उघडली, २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ रोजी खुली झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर ५ टक्के, तर त्यावरील तिकिटावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे.

स्थलांतरितांचा गट : ग्रँट रोडजवळील पिला हाऊस (‘प्ले हाऊस’चा अपभ्रंश) परिसरातील जुनी चित्रपटगृहे परप्रांतीय कामगारांवर चालत आली आणि २००४ नंतर भोजपुरी चित्रपटांस मुंबईतील एकपडदा चित्रपटगृहांत नियमित प्रेक्षक मिळाला. मुंबई सेंट्रल येथील मराठा मंदिरात १९९५ चा एकच हिंदी चित्रपट वर्षानुवर्षे मॅटिनीला लावला जात आला आहे. समोरच्या एसटी आगारात आणि रेल्वे स्थानकात गाडीची वाट पाहणारे प्रवासी, सुटीवरील मजूर आणि महाविद्यालयीन मुलेमुली हे त्याचे नेहमीचे गिऱ्हाईक.